‘तमस’: नथूला ठाऊक असलेली गोष्ट

‘तमस’ ही फाळणीच्या काळातली मालिका सुरू होते ती एका कोंदट झोपडीत. रात्रीची वेळ आहे, पणतीचा मिणमिणता उजेड आहे आणि समोर एक डुक्कर आहे, जे काही केल्या मरत नाही. नथू हा कातडी कमावणारा माणूस. डुक्कर मारणे हे त्याचे कामच नव्हे. पण गुरांच्या डॉक्टरला मेलेले डुक्कर हवे आहे असे सांगून ठेकेदाराने पाच रुपये त्याच्या हातात कोंबले आहेत, आणि ठेकेदारापुढे नाही म्हणण्याची नथूची प्राज्ञा नाही. ओम पुरी यांनी हा सगळा प्रसंग जवळजवळ संवादांवाचून, नुसत्या धापेवर आणि घामावर उभा केला आहे. तो इतका लांबतो की पाहणाऱ्यालाही केव्हा एकदा हे संपते असे होऊन जाते, आणि तसे व्हावे हीच दिग्दर्शकाची इच्छा असणार. कारण दुसऱ्या दिवशी तेच डुक्कर मशिदीच्या पायरीवर पडलेले आढळते आणि मग शहरात जे काही घडते, ते कोठून सुरू झाले हे आपल्याला आणि नथूला, दोघांनाही ठाऊक असते.

गोविंद निहलानी यांची ही मालिका दूरदर्शनवर जानेवारी 1988 मध्ये दाखवली गेली. त्या वेळी आमच्या चाळीत दोनच घरी टीव्ही होता, आणि शेजारच्या काकूंच्या खोलीत दाटीवाटीने बसून पाहिलेले हे भाग मला तेव्हा फारसे कळले नव्हते. फक्त विहिरीचे दृश्य कित्येक वर्षे मनातून गेले नाही. अलीकडे दोन संध्याकाळी सलग बसून संपूर्ण मालिका पुन्हा पाहिली, आणि तिच्याविषयी सविस्तर लिहावे असे वाटले. मूळ कादंबरी भीष्म साहनी यांची. तिला 1975 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला होता. साहनी रावळपिंडीचे. मार्च 1947 मध्ये त्या जिल्ह्यात उसळलेल्या दंगली त्यांनी जवळून पाहिल्या होत्या. मात्र त्या आठवणी कागदावर उतरायला वीसहून अधिक वर्षे जावी लागली, आणि निमित्त झाले ते आपल्या भिवंडीचे. 1970 च्या दंगलीनंतर ते आपले बंधू बलराज साहनी यांच्याबरोबर तेथे गेले होते. तेथे जे दिसले त्याने रावळपिंडी पुन्हा डोळ्यांसमोर उभी केली. निहलानी स्वतः 1940 साली कराचीत जन्मलेले आणि फाळणीमुळे घर सोडावे लागलेल्या कुटुंबातले. मालिकेत निर्वासितांच्या तांड्याची दृश्ये कोठेही भव्य करण्याचा मोह झालेला नाही, त्याचे एक कारण हे असावे.

कथानकाची रचना पाहिली तर येथे एकच एक नायक नाही. नथू आणि त्याची गरोदर बायको कर्मो (दीपा साही) हा एक धागा. शहरातले पुढारी, अधिकारी आणि तरुण पोरे हा दुसरा. आणि खेड्यातले शीख जोडपे हा तिसरा. या तिन्ही धाग्यांना बांधून ठेवते ती नथूची जाणीव. तो रस्त्याने चालतो तेव्हा लोक डुकराविषयीच बोलत असतात, आणि तो मान खाली घालून पुढे जातो. ठेकेदाराला गाठून जाब विचारावा तर तो ओळखही दाखवत नाही. अखेर नथू बायकोपाशी मन मोकळे करतो आणि ती त्याला दोष देत नाही. तुला ठाऊक नव्हते ना, मग झाले, अशा अर्थाचे तिचे बोलणे असते. पण त्याचे त्याने समाधान होत नाही. अजाणता हातून घडलेल्या गोष्टीचे ओझे माणूस किती वाहतो, आणि ज्याने जाणूनबुजून ती घडवली तो किती हलका फिरतो, हा या मालिकेचा खरा विषय आहे असे मला वाटते. पंकज कपूर यांचा ठेकेदार खलनायकासारखा मुळीच वागत नाही. तो नम्र आहे, कामसू आहे, सगळीकडे त्याची ऊठबस आहे. कादंबरीच्या अखेरीस दंगल शमल्यावर जी शांततेची बस शहरातून फिरते, तिच्यातून एकोप्याच्या घोषणा देणारा माणूस डुक्कर मारायला सांगणाराच असतो. साहनींनी ते एका वाक्यात सांगून सोडून दिले असते तरी चालले असते, इतके ते भेदक आहे.

शहरातली पात्रे मात्र सारख्या ताकदीची नाहीत. मनोहर सिंग यांचे काँग्रेस पुढारी बक्षीजी आणि वीरेंद्र सक्सेना यांचा जर्नेल हे दोघे लक्षात राहतात. जर्नेल हा फाटक्या गणवेशातला, थोडासा वेडसर काँग्रेस स्वयंसेवक; कोठेही उभा राहून भाषण सुरू करतो, लोक त्याला हसतात, आणि जेव्हा सगळे शहाणे घरात बसतात तेव्हा एकटाच रस्त्यावर येऊन हिंदू-मुसलमान भाऊ आहेत असे ओरडतो. त्याचा अंत काय होणार हे प्रेक्षकाला आधीच कळते आणि तरीही तो क्षण सहन होत नाही. बॅरी जॉन यांचा डेप्युटी कमिशनर रिचर्ड हा इतिहासाचा आणि जुन्या अवशेषांचा जाणकार आहे. शहरातले प्रतिष्ठित लोक त्याच्याकडे संचारबंदीची विनवणी घेऊन येतात, तेव्हा आता सत्ता तुमच्याच नेत्यांकडे आहे, असे तो शांतपणे ऐकवतो. त्या मानाने पक्षांच्या बैठकांची दृश्ये नाटकाच्या तालमीसारखी वाटतात. प्रत्येक जण आपल्या बाजूचे एक वाक्य बोलून थांबतो. मुस्लीम लीगच्या कार्यकर्त्यांच्या तर घरातही आपण शिरत नाही, घोषणांपलीकडे ती माणसे कळत नाहीत. हिंदू तरुणांच्या गटात रणवीर या कोवळ्या मुलाला ‘धाडस’ शिकवण्यासाठी कोंबडी मारायला लावतात ते दृश्य छोटे आहे, पण त्याने सुरुवातीच्या डुकराच्या प्रसंगाला दिलेला प्रतिसाद फार विचारपूर्वक योजलेला आहे. नथूला मारताना स्वतःचीच किळस आली होती. या मुलाला ती किळस गिळायला शिकवली जाते.

माझ्या मते मालिकेचा सर्वोत्तम भाग हरनाम सिंग आणि बन्तो यांचा. खेड्यात चहाचे दुकान चालवणाऱ्या या म्हाताऱ्या जोडप्याच्या भूमिकांत स्वतः भीष्म साहनी आणि दीना पाठक आहेत. शेजारचा करीम खान येऊन सांगतो की आता येथून निघा, बाहेरचे लोक येत आहेत, मी थांबवू शकणार नाही. रात्रभर चालून ते दोघे एका अनोळखी गावातले दार ठोठावतात. दार उघडते राजो, म्हणजे सुरेखा सिक्री. घर मुसलमानाचे आहे, पुरुष बाहेर गेले आहेत, आणि ते कशासाठी गेले आहेत हे तिला ठाऊक आहे. ती क्षणभर विचार करते आणि त्यांना आत घेते. त्यानंतर घरचे पुरुष लुटीतली एक ट्रंक घेऊन परततात, कुलूप फोडायला लागतात, आणि लपून बसलेल्या म्हाताऱ्यांना कळते की ती ट्रंक त्यांचीच आहे. कुलूप तोडू नका, ही घ्या किल्ली, असे म्हणत ते समोर येतात. या एका किल्लीत जेवढे सामावले आहे तेवढे शंभर जळत्या घरांच्या दृश्यांत मावले नसते. लुटणाऱ्याची मान खाली जाते, कारण हरनाम सिंगाशी त्याचा जुना परिचय आहे. मुलाचा हात मात्र कुऱ्हाडीकडे वळतो. राजो कोणाचीही बाजू घेत नाही, भाषण करत नाही. अंधार असतानाच ती त्या दोघांना गावाबाहेर सोडायला जाते आणि त्यांचे दागिने त्यांना परत देते. पुढच्यासाठी आशीर्वाद देण्याइतकाही विश्वास तिच्यापाशी उरलेला नाही, हे सिक्री यांच्या चेहऱ्यावर दिसते. या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

याच जोडप्याची मुलगी जसबीर गुरुद्वारात अडकलेल्या शिखांमध्ये आहे. उत्तरा बावकर यांनी ती अत्यंत संयमाने केली आहे. स्त्रियांनी एकामागोमाग विहिरीकडे चालत जाणे ही कल्पित घटना नव्हे; रावळपिंडी जिल्ह्यातील थोहा खालसा येथे मार्च 1947 मध्ये सुमारे 90 स्त्रियांनी असेच प्राण दिले. हे दृश्य गौरवाचे करून दाखवणे सोपे होते. वनराज भाटिया यांच्या संगीताने तो धोका ओळखला आहे, त्यामुळे ऐकताना शौर्य आठवत नाही, फक्त पोटात खड्डा पडतो. गुरुद्वारातील आधीचा मोर्चेबांधणीचा भाग मात्र लांबला आहे, आणि अमरीश पुरी यांच्यासारखा नट असूनही तेथे लक्ष भरकटते.

मालिका दाखवली जात असतानाच ती बंद करावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली आणि प्रक्षेपणाला काही काळ स्थगितीही मिळाली. तेव्हा न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी स्वतः बसून सगळे भाग पाहिले आणि स्थगिती उठवली. फेब्रुवारी 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच मत कायम केले. कलाकृतीचा परिणाम दुबळ्या, डळमळीत मनाच्या माणसाच्या मापाने नव्हे, तर समंजस, खंबीर आणि धैर्यवान माणसाच्या मापाने जोखावा, हा जो निकष तेथे लावला गेला, तो नागपूरच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी स्वातंत्र्यापूर्वी मांडलेला होता. मालिका पाहण्याआधी ही हकीकत मुलांना सांगितली तर त्यांना तिचे मोल अधिक कळेल, असा माझा अनुभव आहे.

मालिकेची लांबी पाच तासांच्या आसपास भरते. ती तुकड्यातुकड्यांनी पाहू नये, कारण नथूचा अपराधीपणा हळूहळू साचत जातो आणि मध्ये खंड पडला की तो विरतो. चित्र जुने आहे, अंधाराच्या प्रसंगांत बारकावे हरवतात, तरी छायालेखक व्ही. के. मूर्ती आणि निहलानी यांनी घरांच्या आत जो उजेड राखला आहे तो मोठ्या पडद्यावर अधिक खुलतो, म्हणून शक्य असल्यास मोबाइलवर पाहणे टाळावे. पंजाबी वळणाचे हिंदी पहिल्या अर्ध्या तासात कानाला सवयीचे होते.

शेवटी निर्वासितांच्या छावणीत कर्मो नवऱ्याला शोधत असते आणि तिला त्याचे प्रेत सापडते. तेथेच तिला कळा सुरू होतात. बाळाचा पहिला आवाज ऐकू येतो, आणि त्याच वेळी दोन दिशांनी ‘अल्ला हो अकबर’ आणि ‘हर हर महादेव’ अशा घोषणा चढत जातात. डुक्कर कोणाच्या सांगण्यावरून मेले हे नथूने जिला सांगितले होते, ती कर्मो तेथे जमिनीवर पडलेली आहे, आणि तिला कोणी काही विचारत नाही.