पट्ट्यावर फिरणारा लेझर सेन्सर: टॉवेलच्या कारखान्यात एक उन्हाळा काढल्यावर

बोटभर रबरी पट्ट्यासाठी अख्खा सेन्सर नवा घ्या, असं विक्रेत्यानं परवा फोनवर सांगितलं. तेव्हाच ठरवलं, हे सविस्तर लिहायचं.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. मागांपासून शिलाईपर्यंत गठ्ठे नेणारी बॅटरीची गाडी मी आणि पुतण्यानं जुळवली. तिच्यावर वाट दाखवायला बारा मीटरपर्यंत अंतर मोजणारा टू-डी लेझर सेन्सर आहे. त्याचं डोकं बाजूच्या मोटरवरून रबरी पट्ट्यानं फिरतं आणि चहूबाजूंच्या भिंती-वस्तू बिंदूंच्या रूपात टिपतं.

पहिले काही आठवडे झकास गेले. पांढरे टॉवेल, चुन्याच्या भिंती, सगळं स्वच्छ दिसायचं. एप्रिलमध्ये चारनंतर पश्चिमेचं शटर उघडं राहिलं की त्या बाजूचे बिंदू गायब व्हायचे. काळ्या चादरींचा गठ्ठा तर जवळ येईपर्यंत दिसायचाच नाही. हा सेन्सर त्रिकोणमितीवर चालतो. लेझरचा ठिपका आतल्या कॅमेऱ्यावर किती सरकला त्यावरून अंतर काढतो. लांबच्या वस्तूसाठी ठिपका जेमतेम सरकतो, म्हणून अंतर दुप्पट झालं की चूक चौपट होते. त्यात सोलापूरचं ऊन आणि काळं सूत. तेव्हा मी सगळ्यांना सांगत होतो की हा प्रकार घेऊच नका, प्रकाश जाऊन यायला लागणारा वेळ मोजणारा घ्या.

आता तसं म्हणणार नाही. शटरला ताडपत्री लावली, काळ्या मालाची वाट वेगळी केली, तो विषय मिटला. आमच्या कामाला पाच-सहा मीटर पुरतात आणि तेवढ्यात हा सेन्सर चोख आहे.

खरं दुखणं पट्ट्याचं. टॉवेलच्या मागावर रुई किती उडते हे सोलापूरकरांना सांगायला नको. ती पट्ट्याखाली जाते, पुलीवर बसते, तिची नमद्यासारखी कडी तयार होते आणि पट्टा घसरायला लागतो. एरवी डोकं सेकंदाला साडेपाच फेऱ्या मारतं. सेकंदाला अर्धा मीटर चालणारी गाडी एका फेरीत नऊ सेंटीमीटर पुढे जाते, तेवढं सॉफ्टवेअर सांभाळतं. फेऱ्या तीनवर आल्या की तेच अंतर सतरा सेंटीमीटरच्या आसपास जातं आणि सॉफ्टवेअर गोंधळतं. "काका, भिंत दोनदा दिसतीये," असं पुतण्या म्हणाला तेव्हा आम्ही आधी प्रोग्राम तपासत बसलो होतो. सेन्सर उलटा केला तर पुलीवर करडी वात गुंडाळलेली आणि पट्ट्याची आतली बाजू काचेसारखी गुळगुळीत झालेली.

विक्रेत्याचं म्हणणं, धुळीच्या जागी वापरला म्हणून वॉरंटी नाही, आणि पट्टा सुटा मिळत नाही. ज्या भागाची झीज होणार हे उघड आहे तो सुटा न विकणं ही लूट आहे, मी त्याला हे तोंडावर सांगितलं. शेवटी नवी पेठेत टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी जुन्या डब्यातून मापाचा चौकोनी पट्टा काढून दिला, वीस रुपयांत. अजून तोच चालू आहे, फेऱ्या पुन्हा साडेपाचवर आहेत.

खालच्या बाजूला प्लास्टिकचं पातळ झाकण कापून लावलंय. दर आठवड्याला मऊ ब्रशनं पुली साफ होते. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, रुई बेअरिंगमध्ये घुसते. आणि हा सेन्सर एकाच पातळीत बघतो, त्याच्याखाली आडवा पडलेला मागाचा बीम (सूत गुंडाळायचा रूळ) किंवा पुढे आलेला पाय त्याला दिसत नाही. त्यासाठी पुढच्या बाजूला खाली व्हीएल५३एल०एक्स नावाचे अंतर मोजणारे दोन छोटे सेन्सर लावलेत. दोन मीटरपर्यंतच पोचतात, पण गाडी थांबवायला तेवढं भरपूर, आणि किंमत अगदी किरकोळ.

दिवाळीनंतर दुसरी गाडी करतोय. तिला पट्टा नसलेला, थेट मोटरवर फिरणारा सेन्सर घेणार आहे. या जुन्यासाठी त्या काकांकडून आणखी चार पट्टे आणून ठेवलेत.