चर्चच्या वाचनालयातील पुस्तकपेटी : ख्रिस्ती शिकवण आणि आजचे राजकारण

वर्धा जिल्ह्यातील आमच्या गावापासून सात किलोमीटरवर एका लहान चर्चला लागून वाचनालय आहे. तेथून विषयवार पुस्तकपेटी महिनाभरासाठी घरी नेता येते. अनामत 200 रुपये, भाडे काहीही नाही. येशूच्या शिकवणीचा आजच्या राजकीय विचारसरणींशी काय संबंध आहे, या विषयाची पेटी मी कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत आणली. मी स्वतः ख्रिस्ती नाही, पण धर्माचे नाव घेऊन मते मागितली जातात त्या काळात हा विषय प्रत्येकाने वाचावा असे मला मनापासून वाटते.

पेटीतील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे पुस्तकांसोबत येणारी जाड पुठ्ठ्याची वही. तिच्यात बायबलमधील एकेक उतारा आणि त्याखाली कोणत्या विचारसरणीने त्याचा कसा अर्थ लावला, हे सुवाच्य अक्षरात लिहिलेले आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 20 व्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा धनी पहाटे आलेल्या आणि दिवस मावळताना आलेल्या मजुरांना सारखाच एक दीनार, म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी, देतो. समाजवादी वाचक त्यात गरजेनुसार वाटप पाहतात, तर खासगी मालकीचे समर्थक, आपल्या पैशाचे काय करायचे ते आपण ठरवू, या धन्याच्या उत्तरावर बोट ठेवतात. आमच्याकडे वेचणीची मजुरी किलोवर ठरते, म्हणून दुपारच्या भाकरीच्या वेळी धुऱ्यावर बसून मी हा दाखला वेचणीच्या बायांना वाचून दाखवला. अशाने उद्या पहाटे कोण येणार, असे एकीने विचारताच दुसरी म्हणाली, “अवं बाई, तिले दिवसभर कोनं बलावलंच नाही, पोट त तिलेही हाये ना.” आम्हाला कोणी कामावर लावलेच नाही, असे त्या दाखल्यातील मजूरही सांगतात. मी मात्र ते वाक्य वाचून पुढे गेलो होतो.

इतिहासाचा भागही नेटका आहे. पोप तेरावे लिओ यांनी 1891 च्या परिपत्रकात मजुराला कुटुंबासह साधेपणाने जगता येईल इतके वेतन आणि संघटनेचा हक्क मागितला, पण त्याच परिपत्रकात समाजवाद नाकारून खासगी मालमत्तेचे समर्थन केले. जो काम करणार नाही त्याने खाऊ नये, हे बायबलमधील प्रेषित पौलाच्या पत्रातील वचन 1936 च्या सोव्हिएत राज्यघटनेत येऊन बसले. हिटलरच्या जर्मनीत मे 1934 मध्ये, मुख्यतः धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थ यांनी लिहिलेल्या, नाझी विचाराला विरोध करणाऱ्या प्रोटेस्टंटांच्या बार्मेन घोषणापत्राने, राज्यसत्ता माणसाच्या संपूर्ण जीवनाची एकमेव व्यवस्था होऊ शकत नाही, असे ठामपणे सांगितले. कोणत्याही पक्षाने येशूला आपल्या सभासदांच्या यादीत घालू नये, हे पेटीतील मजकुरातून आपोआप उमगते, आणि तिच्या निवडीतले हेच मला सर्वांत आवडले.

तक्रार एकच आहे, आणि ती मला खरोखर लागली. जर्मनी, रोम आणि लॅटिन अमेरिका या पेटीत आहेत, पण जे. सी. कुमारप्पा नाहीत. हा ख्रिस्ती अर्थशास्त्रज्ञ याच जिल्ह्यात, वर्ध्याच्या मगनवाडीत, 1934 साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम करीत राहिला. त्याने तुरुंगात येशूच्या शिकवणीवर ग्रंथ लिहिला, गांधीजींनी त्याला प्रस्तावना दिली, आणि परकीय सत्तेला साथ देणाऱ्या धर्माधिकाऱ्यांवर त्याने स्वतः ख्रिस्ती असून जाहीर टीका केली. घाण्याचे तेल, हातसडीचा तांदूळ, हातकागद यांचा विचार करताना शेजाऱ्यावर प्रेम करा ही आज्ञा त्याच्यासमोर होती. येशूचे राजकारण विदर्भाच्या मातीत कसे दिसते, हे पाहायला त्याच्याइतका जवळचा माणूस दुसरा नाही.

बार्मेनच्या मराठी टिपणाची शेवटची दोन पानेही गहाळ होती. पेटी परत करताना मी दोन्ही गोष्टी वाचनालय सांभाळणाऱ्या पाळकांना सांगितल्या. त्यांनी वहीच्या मागच्या कोऱ्या पानांकडे बोट दाखवून कुमारप्पांवरचे टिपण मलाच लिहायला सांगितले. ते मी लिहीत आहे. तूर सोंगून झाली की पेटी पुन्हा आणायची आहे, पण सध्या यादीत आमच्याआधी तीन गावांची नावे आहेत.