नाशिकचं जिल्हा दैनिक घ्यावं का? घ्यावं, आतल्या पानांसाठी

राहायला पंचवटीत आणि जीव निफाड तालुक्यात, अशा माणसाला जिल्हा दैनिक लागतंच. माझं माहेर सायखेड्याचं. दादा तिथे कांदा आणि थोडी द्राक्षं करतो. नाशिकला ‘लोकमत’, ‘सकाळ’ यांच्या आवृत्त्या निघतात, शिवाय ‘गावकरी’, ‘देशदूत’ ही इथलीच दैनिकं आहेत. आमच्याकडे कोणतं येतं ते मुद्दाम लिहीत नाही. माझं म्हणणं एकट्या त्याच्यापुरतं नाही.

अंक हातात आला की मी आधी बाजारभाव काढते. लासलगाव, विंचूर, पिंपळगाव बसवंत, येवला... प्रत्येक बाजारापुढे आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो तो फक्त कमाल भाव. तो बऱ्याचदा एखाद्याच ट्रॉलीला मिळालेला असतो. माल एकसारखा, नीट सुकलेला, टिकाऊ. तो आकडा धरून ट्रॅक्टर भरला तर लिलावात तोंड कडू होतं, आणि गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा केल्यावर हातात काय येतं ते घरातल्यांनाच माहीत. छापील तक्त्यात सर्वसाधारण भाव समोर असतो, म्हणून दादा आजही तोच विचारतो. गोल्टी (बारीक कांदा) आणि खाद (हलक्या प्रतीचा कांदा) यांचे भाव वेगळे दिले तर आणखी उपयोग होईल. छोट्या शेतकऱ्याचा बराच माल त्यातच जातो. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्यावर निर्यातबंदी आली आणि लिलाव बंद पडले, तेव्हा बाकीच्या महाराष्ट्राला ती दिल्लीची बातमी होती. आम्हाला कोणत्या बाजार समितीत लिलाव कधी सुरू होणार, एवढंच हवं होतं.

पावसाळ्यात मी विसर्गाचे आकडे बघते. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की पहिल्या पानावर गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीचा फोटो येतो. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं की छातीला, यावरून आम्ही नाशिककर पूर मोजतो. पण सायखेडा, चांदोरीला गंगापूरचा एकटा आकडा पुरत नाही. दारणा धरणाचं पाणीही त्याच भागात गोदावरीला मिळतं. दोन्ही धरणांचे क्युसेक आणि नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्यातून पुढे जायकवाडीकडे किती चाललंय, हे तिन्ही आकडे शेजारी शेजारी, वेळेसकट छापले, तर गोठ्यातली जनावरं कधी हलवायची ते ठरवता येतं. ज्या दिवशी अंकात ते तसे असतात, त्या दिवशी वर्गणी वसूल झाली असं मी समजते.

निधन वार्ता आणि दशक्रियेच्या जाहिराती काही जणांना जागा अडवणाऱ्या वाटतात. मला नाही वाटत. जिल्ह्यातून किती तरी घरं दशक्रियेसाठी रामकुंडावर येतात, आणि लांबच्या नातेवाइकाला, जुन्या शेजाऱ्याला वार आणि वेळ तिथूनच कळते. त्या चौकटीतली तारीख दोनदा तपासून छापायला हवी. आमच्या नात्यातल्या एका जाहिरातीत वार चुकला होता आणि माणसं दुसऱ्या दिवशी पोहोचली. दुरुस्ती छापून आली, पण विधी पुन्हा थोडाच होतो!

सगळ्यात मोठी तक्रार आवृत्त्यांची. शहराला एक अंक, ग्रामीण भागाला दुसरा. पंचवटीच्या अंकात महापालिका, रस्त्यांचे खड्डे, सिंहस्थाची कामं भरपूर. सायखेड्याचा पूल, निफाडची थंडी, द्राक्षबागेवरचा डाऊनी रोग मात्र तिकडच्याच अंकात. जिल्ह्याचं दैनिक म्हणायचं आणि अर्धा जिल्हा उरलेल्या अर्ध्याला दाखवायचाच नाही, हे मला पटत नाही. या शहरात निम्मी घरं तरी तालुक्यातून आलेली असतील. त्यांच्यासाठी एक पान समाईक ठेवा. जागा नाही असं सांगू नका. नेत्यांच्या वाढदिवसाला पानंच्या पानं निघतात, आणि नेमका त्याच दिवशी बाजारभावाचा तक्ता चार ओळींवर येतो.

तरीही वर्गणी बंद करणार नाही, आणि तालुक्याशी नातं असलेल्यांनी घ्यावंच असं सांगेन. ग्रामीण आवृत्ती हवी असेल तर विक्रेत्याशी बोलून बघा. आमचे पेपरवाले काका आदल्या दिवशी सांगितलं की सीबीएसवरून (मध्यवर्ती बसस्थानकावरून) वेगळा अंक आणून देतात.