पट्टा विमानाच्या वेगाने फिरवायचा की चाकांच्या?

धावपट्टीच्या जागी उलट दिशेने सरकणारा भलामोठा पट्टा आहे. विमान उडेल का? या प्रश्नाचे दोन अर्थ निघतात आणि वाद घालणारे बहुधा वेगवेगळे अर्थ धरून बसलेले असतात.

पट्टा विमानाच्याच वेगाने उलटा धावत असेल, तर विमान उडतं. मोटारीला तिची चाकं पुढे नेतात. विमानाला इंजिन नेतं, तेही हवा मागे लोटून. चाकं नुसती फिरत राहतात. उड्डाणाला ताशी 250 किमी वेग लागत असेल, तर ती 500 च्या वेगाने फिरतील, एवढंच. (टायर तग धरतील का, ते सोडा.) 2008 मध्ये अमेरिकेतल्या एका टीव्ही कार्यक्रमात उलट ओढलेल्या लांबलचक कापडावरून हलकं विमान खरोखर उडवून दाखवलं होतं.

पट्टा चाकांच्या वेगाशी जुळवायचा, हा दुसरा अर्थ मला ओढूनताणून आणलेला वाटतो. चाक घसरलं नाही, तर या अटीतच विमान जागचं हलत नाही. पण इंजिनाचा जोर अडवायला पट्ट्याला वेग सतत, तोही भयंकर वाढवावा लागेल. त्याआधीच टायर फुटतील.