जुनी कॅरॅव्हॅन दुरुस्त करताय? मग नागदेवी स्ट्रीटला जाच

आमच्या मामांच्या गोराईच्या वाडीत एक ब्रिटिश बनावटीची छोटी कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, आहे, १९७० च्या दशकातली, गाडीच्या मागे जोडून ओढायची, बाहेरून अॅल्युमिनियमचा पत्रा आणि आत लाकडाचा सांगाडा. सुट्टी मिळेल तशी मी आणि मामा मिळून ती परत उभी करतोय. सुरुवातीला जो तो सांगायचा की याचं सामान इथे मिळणार नाही, बाहेरून मागवा, कुरियर भरा, कस्टम भरा. आता काम बरंच पुढे गेलंय आणि ठामपणे सांगतो, बाहेरून काहीच मागवावं लागलं नाही. मुंबईत हार्बर किंवा सेंट्रलच्या लोकलने मशीद बंदरला उतरायचं, चालत नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात जायचं, आणि जे तिथे नाही ते आसपासच्या दोनचार गल्ल्यांत नाहीतर रे रोडला मिळतं. म्हणून हा रिव्ह्यू एका दुकानाचा नाही, अख्ख्या बाजाराचा आहे, आणि ज्याला असं काही करायचंय त्याने पूर्ण वाचावा असं मनापासून वाटतं.

खरेदीला निघण्याआधी एक समजून घ्या. अशा गाडीला इंजिन नसतं, तिचा खरा शत्रू एकच, पाणी. छपराचा पत्रा आणि बाजूचा पत्रा जिथे मिळतात तिथे वरून अॅल्युमिनियमची पट्टी स्क्रूने मारलेली असते आणि पट्टीखाली सीलंट, ते वर्षानुवर्षं उन्हात सुकतं, तडकतं, मग स्क्रूच्या भोकातून पाणी आत झिरपतं आणि बाहेरून पत्रा धड दिसत असला तरी आतलं लाकूड कुजत राहतं. आतून कोपऱ्याकोपऱ्यात डिसमिसने टोचून बघा, खिडकीच्या खालच्या कडेला तर नक्की बघा, डिसमिसचं टोक लोण्यात सुरी जावी तसं गेलं की समजा तेवढा भाग उघडायचा. आणि ही गाडी बनली कुठे तर इंग्लंडमध्ये, लंडनला वर्षभरात पाऊस पडतो सहाशे मिलीमीटरच्या आसपास, आपल्याकडे एकट्या जुलैत त्याहून जास्त पडतो, २६ जुलै २००५ ला तर सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पडला होता. वर गोराईची खारी हवा. तेव्हा तिकडच्या व्हिडिओत जे चालतं ते इथे चालेलच असं नाही, माल एक पायरी वरचाच घ्यावा लागतो.

नागदेवीला सगळ्यात पहिलं काम नटबोल्ट आणि स्क्रूचं. इथे माप सुतात चालतं, एक इंच म्हणजे आठ सूत, त्यामुळे पाव इंचाचा बोल्ट हवा तर दोन सूत म्हणायचं, अर्धा इंच हवा तर चार सूत. आमच्या गाडीच्या चासीवरचे जुने बोल्ट सगळे इंचातले, ऑनलाइन बघाल तर जिकडेतिकडे एमएम, आणि सहा एमएमचा बोल्ट पाव इंचाच्या नटात शिरल्यासारखा वाटतो पण धरत नाही, ओढताना हिसके बसले की सुटणार. नागदेवीत इंचातले बोल्ट अजूनही पोत्याने पडलेले असतात आणि तुम्हाला चारच नग हवे असले तरी बरीच दुकानं देतात. जुना बोल्ट खिशात घेऊन जा, काउंटरवर ठेवा, माणूस नुसता आटे बघून सांगतो कुठला आहे ते.

आता स्टेनलेसबद्दल सांगतो कारण इथे लोक फसतात. बाजारात २०२ (लवकर गंजणारा हलका ग्रेड) आणि ३०४ (त्याहून चांगला ग्रेड) दोन्ही स्टेनलेस म्हणूनच विकलं जातं, दोन्ही दिसायला सारखे, आणि लोहचुंबक लावून बघायची जी पद्धत आहे ना तिचा इथे उपयोग नाही, कारण चुंबक दोघांनाही धड चिकटत नाही. आम्हाला एका दुकानाने ३०४ सांगून जे स्क्रू दिले त्यांच्या डोक्यांवर एका पावसाळ्यात तांबूस डाग आले. त्यानंतर बोल्टच्या डोक्यावरचा छाप बघितल्याशिवाय घेत नाही. ए२ असा छाप असेल तर ३०४ च्या जातीचा, ए४ असेल तर ३१६ च्या, आणि समुद्राजवळ गाडी उभी राहणार असेल तर बाहेरच्या बाजूला ए४ च घ्या, महाग पडतो पण घ्या. बारीक स्क्रूवर छाप नसतो, तिथे पक्कं बिल मागायचं आणि बिलावर ग्रेड लिहून घ्यायचा. जो दुकानदार ग्रेड लिहायला कुरकुरतो त्याच्याकडून उठायचं. पॉप रिव्हेट घेताना पण असंच, नुसतं अॅल्युमिनियमचं मागितलं तर आतली खिळ लोखंडाची निघते आणि ती पत्र्यात राहून गंजते, त्यामुळे खिळीसकट अॅल्युमिनियमचं मागा, आणि छपरावर तर बंद तोंडाचं, ज्यातून पाणी आरपार जात नाही ते.

रबराच्या दुकानाचा अनुभव मला सगळ्यात आवडला. खिडक्यांच्या भोवतीची बिडिंग पार कडक होऊन तुटत होती, तिचा बोटभर तुकडा मी कापून नेला होता. गल्लीत आत एक छोटं दुकान, समोर पट्टे, पाइप, गॅस्केटची वेटोळी टांगलेली, आत चाचा बसलेले. त्यांनी तुकडा हातात घेतला, वाकवला, नखाने कोरला, कापलेली कड डोळ्याजवळ नेली, आणि काही न विचारता पोटमाळ्यावरच्या पोऱ्याला हाक मारली. वरून एक गुंडाळी खाली आली, खाच बरोबर तशीच, फक्त ओठ थोडा जाड. मी घेणार तेवढ्यात त्यांनीच हात आडवा केला, म्हणाले, हे साधं रबर आहे, उन्हात दोन वर्षांत चिरेल, तुम्हाला ऊन सहन करणारं ईपीडीएम रबर लागेल, परवा या, मागवून ठेवतो. दिवसभर हजार गिऱ्हाइकं येणाऱ्या बाजारात स्वतःहून विक्री थांबवून योग्य माल सांगणारा माणूस भेटणं याला मी फार मोठी गोष्ट मानतो. ते ईपीडीएम आता बसवलंय, पावसाळा काढलाय, एक थेंब आत नाही.

सीलंटच्या बाबतीत मात्र बाजारात नीट सांगणारे कमी भेटले. जिथे जाल तिथे सिलिकॉनची ट्यूब पुढे करतात. पट्ट्यांखाली सिलिकॉन अजिबात लावू नका, ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते तर पत्रा पण खातं, आणि एकदा लावलं की त्यावर नंतर ना रंग धरत ना दुसरं सीलंट. लागते ती ब्युटाइलची, म्हणजे चिकट रबराची टेप, ती सुकून कडक होत नाही, वर्षानुवर्षं मऊ राहते म्हणून गाडी हलली तरी सांधा फाटत नाही. पत्र्याच्या शेडचं सामान विकणाऱ्यांकडे मिळते. पण डांबराची टेपही त्याच नावाने खपवतात, म्हणून दुकानातच थोडी चिमटीत ओढून बघायची, ब्युटाइल छान तार धरते आणि डांबराचा वास येत नाही. लावताना पट्टीखाली सलग लावायची, स्क्रू एकदम न आवळता सगळे थोडे थोडे आवळत जायचे, दोन्ही कडांनी टेप सारखी बाहेर आली पाहिजे, आणि दोनेक दिवसांनी परत एकदा आवळायचे कारण ती दबत राहते. बाहेर आलेलं प्लास्टिकच्या पट्टीने काढा, डाग रॉकेलने निघतात. मे महिन्यात काम करत असाल तर टेप इतकी मऊ होते की कागद सुटत नाही, आम्ही आधी फ्रिजमध्ये ठेवायचो, मामींनी त्यासाठी एक कप्पा रिकामा करून दिलाय.

प्लायसाठी नागदेवी नाही, रे रोड. तिथे लकडी बंदरच्या बाजूला लाकडाच्या वखारी आहेत, जुन्या चाळी पाडून निघालेलं बर्मा सागवान पण मिळतं, शंभर वर्षं जुनं, अप्रतिम लाकूड, पण वजनदार, सगळा सांगाडा त्याचा केलात तर ओढणाऱ्या गाडीचे हाल. आम्ही फक्त खालच्या कडेला, जिथे पाणी साठतं तिथे सागवान घातलं, बाकी सगळीकडे पाइन.

प्लाय मागताना मरीन एवढंच म्हणू नका, आयएस ७१० म्हणा, ते पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचं भारतीय मानक आहे. आयएसआयचा छाप आणि त्याखाली लायसन्सचा नंबर शीटवर असतो, तो नंबर बीआयएस केअर अॅपवर तिथल्या तिथे टाकून बघता येतो. या प्लायच्या टेस्टमध्ये तुकडे ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात. आमच्याकडे दोन वखारींचे नमुने होते, दोघांचाही दावा मरीनचाच, तर मामांनी अंगणात चूल पेटवली, जुन्या पातेल्यात दोन्हीचे तुकडे टाकले, ओळख राहावी म्हणून एकाला खिळा मारला, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाणी घालत उकळत ठेवले. दुपारच्या जेवणापर्यंत बिनखिळ्याच्या तुकड्याचे थर कडेने फुगले, संध्याकाळी बोटाने पापुद्रे निघाले. खिळेवाला जसाच्या तसा, फक्त रंग गडद. ज्या वखारीचा तुकडा सुटला तिचं नाव लिहीत नाही, पण नमुना मागा आणि उकळून बघा, एवढा गॅस नाहीतर लाकडं जाळणं पूर्ण गाडी परत उघडण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. आणि प्लायच्या कापलेल्या कडा इपॉक्सीने बंद करायला विसरू नका, चांगल्यातला चांगला प्लायसुद्धा पाणी कडेतूनच पितो.

चाकांचे बेअरिंग नारायण धुरू स्ट्रीटला, नागदेवीला लागूनच. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तो वाचून दाखवा, झालं. डुप्लिकेट माल भरपूर असतो म्हणून कंपनीच्या अधिकृत डीलरकडूनच आणि बिलासकट. वायरिंगचं सगळं लोहार चाळीत, त्यात सांगण्यासारखं विशेष काही नाही, फक्त बारा व्होल्टला वायर जाड लागते हे लक्षात ठेवा, घरच्या दिव्याची वायर घेऊन आलात तर ती गरम होईल.

रे रोडजवळच्या दारूखाना भागाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. जहाजं तोडून निघालेल्या सामानाची दुकानं आहेत तिथे, आणि जहाजातली खोली आणि कॅरॅव्हॅनची खोली यांची गरज एकच, कमी जागा, सतत हलणं, खारी हवा. कपाटाच्या दाराला हिसका बसला तरी उघडणार नाही अशी पितळी खिटी, भिंतीला दुमडणारं टेबल, कडा उचललेली फळी, ज्यावरून पेला घसरत नाही, हे सगळं तिथे खरं वापरलेलं आणि दणकट मिळतं. आमच्या कपाटांच्या सगळ्या खिट्या तिथल्याच आहेत, चिंच लावून घासल्यावर काय झळकल्या म्हणून सांगू. इथे मात्र लोहचुंबक जरूर न्या, पितळेचं पाणी दिलेलं लोखंड लगेच कळतं. भाव वजनावर चालतो आणि घासाघीस होते. तीच खिटी चोर बाजारात मटण स्ट्रीटला अँटिक म्हणून कितीतरी जास्त भावाने बघितलीये, तेव्हा आधी दारूखाना.

जायचं कधी तर रविवारी नाही, बंद असतं. सकाळी दुकानं उघडताना गेलात तर निवांत बोलायला मिळतं, भवानीच्या वेळी भावही बरा लागतो, दुपारनंतर हातगाड्या आणि हमालांच्या गर्दीत उभं राहणं मुश्कील. गाडी नेऊ नका, पार्किंगचा विचारच सोडा. बारीक सामान आम्ही लोकलने बोरिवलीला आणि तिथून गोराईच्या बोटीने नेतो, प्लायच्या शीट्स मात्र टेम्पोने भाईंदर-उत्तनवरून फिरून आणाव्या लागतात, त्याचं भाडं आधीच हिशोबात धरा. आणि कॅरॅव्हॅन पुढे रस्त्यावर काढायचा विचार असेल तर ट्रेलरची नोंदणी वेगळी लागते, खर्चात पडण्याआधी आरटीओत विचारून या.

बाजारातून घेऊ नये अशा दोनच गोष्टी. एक म्हणजे गॅसची जुनी नळी, रेग्युलेटर, शेगडी, कितीही चांगली दिसली तरी नाही, ते काम नवीन मालाने आणि जाणकाराकडूनच. दुसरं, गाडीला जोडणारा कपलर. कुर्ल्याला सीएसटी रोडच्या भंगारात मिळतात, दिसायला सगळे सारखे, पण जुने ब्रिटिश दोन इंची म्हणजे ५०.८ मिलीमीटरचे आणि नंतरचे ५० मिलीमीटरचे, दोन इंची कपलर ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या ५० च्या गोळ्यावर बसतो, लॉकही लागतो, पण सैल राहतो आणि खड्ड्यात उसळून सुटू शकतो. कपलर आणि गोळा दोन्ही नवीन, एकाच मापाचे घ्या, व्हर्नियरने मोजून घ्या, आणि सोबत सेफ्टी चेन, ती नागदेवीत मीटरवर मिळते.