ऑटोरन्स: विंडोज सुरू होताना येणाऱ्या सर्व्हिस एररसाठी
विंडोजसोबत आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टींची यादी दाखवणारं, मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स या साधनांच्या संचातलं ऑटोरन्स फुकट आहे, इन्स्टॉलही करावं लागत नाही. 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'नं उघडा, 'हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज' लावा आणि सर्व्हिसेस (पडद्यामागे चालणारे प्रोग्रॅम) टॅब पाहा. पिवळी ओळ म्हणजे नोंद शिल्लक, फाइल गायब. अर्धवट काढलेल्या प्रिंटर सॉफ्टवेअरचे किंवा अँटिव्हायरसचे असे अवशेष हमखास सापडतात, आणि इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतली ७००० क्रमांकाची (सर्व्हिस सुरू न झाल्याची) एरर पुष्कळदा त्यातूनच येते. आधी फक्त त्या ओळीची टिक काढून रीस्टार्ट करा. डिलीट केलेली नोंद ऑटोरन्स परत आणून देत नाही. ७००९ क्रमांकाची एरर वेगळी: सर्व्हिसनं ठरलेल्या मुदतीत, सहसा ३० सेकंदांत, प्रतिसादच दिलेला नसतो. तिथे ऑटोरन्स कमी पडतं. विंडोजच्याच 'सर्व्हिसेस' खिडकीत जाऊन त्या सर्व्हिसला 'ऑटोमॅटिक डिलेड स्टार्ट' (थोडं उशिरा आपोआप सुरू होणं) लावून पाहा.