लिनक्सवर एनव्हिडिया ग्राफिक्स कार्डने गेम: कंपनीचा ड्रायव्हर की ओपन सोर्स नूव्हो-एनव्हीके?

नुसता फ्रेमरेट बघितला तर कंपनीचाच ड्रायव्हर पुढे, जड गेममध्ये फरक लगेच जाणवतो, आणि डीएलएसएस (एआयने चित्र मोठं करून फ्रेमरेट वाढवणं), रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणं) नीट पाहिजे असेल तर विषयच संपला.

या ड्रायव्हरचा त्रास होतो तो कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट झाल्यावर. ड्रायव्हरचं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा भाग) कर्नलच्या बाहेरचं, म्हणून नवा कर्नल आला की ते परत बिल्ड व्हावं लागतं, डीकेएमएस नावाचं टूल ते आपोआप करतं खरं पण कर्नल हेडर्स (बिल्डला लागणाऱ्या फाइल्स) नसतील किंवा सिक्युअर बूट (साइन नसलेला कोड अडवणारी सोय) चालू असून मॉड्यूल साइन केलेलं नसेल तर रीबूटनंतर काळी स्क्रीन, नाहीतर गेम सीपीयूवर रेंगाळत चालतो. वेलँडवरचं (लिनक्सची नवी डिस्प्ले पद्धत) फ्लिकरिंग मात्र २०२४ च्या ५५५ सिरीजच्या ड्रायव्हरमध्ये एक्सप्लिसिट सिंक (फ्रेम पूर्ण झाल्यावरच दाखवायची सोय) आल्यापासून बरंच थांबलंय.

नूव्होत ही कटकटच नाही, तो कर्नलमध्येच असतो आणि व्हल्कनसाठी (गेम कार्डशी ज्यातून बोलतात तो इंटरफेस) लागणारा एनव्हीके मेसा या ओपन सोर्स ग्राफिक्स पॅकेजसोबत येतो. पण कार्ड कोणतं ते आधी बघा! जीटीएक्स ९०० आणि १००० सिरीजला क्लॉक (चिपचा स्पीड) वाढवायला कंपनीने साइन केलेलं फर्मवेअर (कार्डच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) लागतं, ते नूव्होला कधी मिळालंच नाही, त्यामुळे कार्ड बूटच्या कमी स्पीडवरच अडकतं, तिथे जड गेमचा नाद सोडा. ट्युरिंगपासून पुढे, म्हणजे जीटीएक्स १६०० आणि आरटीएक्स २००० पासून, कर्नल ६.७ मध्ये जीएसपी (कार्डमधलाच छोटा प्रोसेसर, तो क्लॉक सांभाळतो) फर्मवेअरचा सपोर्ट आला नि हे सुटलं. हे काम करणाऱ्यांचं खरंच कौतुक वाटतं.

तरी गेम हेच मुख्य काम असेल तर कंपनीचाच टाका, फक्त डिस्ट्रोच्या (तुमच्या लिनक्सच्या) पॅकेज रेपोतून, एनव्हिडियाच्या वेबसाइटवरची .run इन्स्टॉलर फाइल नको.